तयार गोष्टींची वही: एनडीएच्या एका निवासी वर्गाविषयी पालकाचा अभिप्राय

माझा मुलगा जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ असे चौदा महिने छत्रपती संभाजीनगरातील एका खाजगी निवासी वर्गात राहून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, प्रवेशाची तयारी करीत होता. त्या वर्गाविषयी नातेवाईक आणि ओळखीचे पालक मला वारंवार विचारतात. दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा जे अनुभवले ते एकदा नीट लिहून ठेवावे, म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. वर्गाचे नाव मी लिहिणार नाही. ज्या प्रकाराविषयी माझी तक्रार आहे तो एकट्या त्या वर्गात चालतो असे नाही. शिवाय आज तेथे शिकणाऱ्या मुलांनी काहीही चूक केलेली नसताना त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहावे अशी माझी इच्छा नाही.

मी माजलगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलाने दहावीत असताना शासनाच्या सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूटसाठी प्रयत्न केला होता. महाराष्ट्रातील मुले सैन्यदलांत अधिक संख्येने अधिकारी व्हावीत म्हणून १९७७ मध्ये संभाजीनगरातच सुरू झालेल्या त्या संस्थेत जागा थोड्या आणि मुले साऱ्या राज्यातून येतात. त्याचा नंबर लागला नाही. अकरावी त्याने गावाकडे काढली आणि बारावीच्या वर्षी आम्ही खाजगी वर्गाचा रस्ता धरला. राहणे-जेवण धरून वर्षाचे शुल्क १ लाख ३५ हजार रुपये होते, आणि मुलाखतीच्या तयारीचे ८,५०० रुपये वेगळे. सोयाबीनचे आलेले पैसे आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीतून घेतलेली रक्कम मिळून हा भरणा झाला. पैशांचा उल्लेख एवढ्यासाठीच केला की आमच्या भागातील बहुतेक घरे याच पद्धतीने हे शुल्क भरतात, आणि त्या पैशांत मुलाला नेमके काय मिळते हे त्यांना कळले पाहिजे.

आधी जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने सांगतो. पहाटे पाच वाजता मैदानावर हजेरी होते आणि ती पावसाळ्यातही चुकत नाही. मेसमध्ये ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी नियमित मिळते, पाणी शुद्ध असते, आणि मुलगा आजारी पडला तेव्हा रात्री अकरा वाजता वॉर्डनने स्वतः त्याला दवाखान्यात नेऊन मगच आम्हाला फोन केला. गणित शिकवणारे सर तर कोणत्याही मोठ्या शहरात मान मिळवतील असे आहेत. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमता चाचणीला ६०० गुण असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील इंग्रजी जड जाते, म्हणून त्याने पहिल्या प्रश्नपत्रिकेत भरपाई करावी असा सरांचा आग्रह असे, आणि त्यासाठी ते रात्री दहापर्यंत मुलांसोबत बसत. एकदा मुलाने पाठीमागच्या उत्तरावरून मागे जात जात एक गणित जुळवून दाखवले, तर सरांनी ते पूर्ण खोडले आणि म्हणाले, “उत्तर बरोबर आहे, पण गणित तू केलेलं नाहीस.” एप्रिल २०२५ ची लेखी परीक्षा मुलगा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला. त्याचे श्रेय निःसंशय या सरांचे आहे.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, पाच दिवसांची परीक्षा असते आणि तिलाही लेखी परीक्षेइतकेच, ९०० गुण असतात. पहिल्या दिवशी चाळणी होते. जी मुले त्यातून पुढे जातात त्यांची दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचणी होते. तीत एकेक चित्र तीस सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. अशा अकरा चित्रांनंतर बारावे पान कोरे दाखवतात, त्यावर स्वतःच्या मनातली गोष्ट लिहायची. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. मग अर्ध्या तासात साठ प्रसंग. आणि शेवटी आईवडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात व आपण स्वतःविषयी काय समजतो याचे वर्णन. त्यानंतर मुलाखत आणि मैदानावरची गटकार्ये. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि मैदानावरचे अधिकारी हे तिघे मुलाला वेगवेगळे पारखतात आणि अखेरीस आपापली निरीक्षणे एकमेकांसमोर ठेवतात. या क्षेत्रातले लोक याला ‘मनसा, वाचा, कर्मणा’ म्हणतात. मुलगा जे लिहितो, जे बोलतो आणि जे करतो ते एकाच माणसाचे आहे की नाही हे पाहण्यासाठी ही सगळी रचना आहे.

आता या रचनेसमोर वर्गाने मुलांच्या हाती काय दिले ते पाहा. निळ्या प्लॅस्टिकच्या मुखपृष्ठाची, स्पायरल बांधणीची १४२ पानांची झेरॉक्स वही. ८,५०० रुपयांत जे मिळाले त्यातला मोठा भाग म्हणजे हीच वही. पहिल्या भागात चाळीस तयार गोष्टी. मुलाने चित्र पाहायचे आणि चाळिसांपैकी जी बसेल ती बसवायची. दुसऱ्या भागात शब्दांवरची तयार वाक्ये. शेवटच्या भागात स्वतःचे वर्णन, तेही तयार. त्यात फक्त नाव, गाव आणि वडिलांचा व्यवसाय यांच्या जागा रिकाम्या. म्हणजे माझ्या मुलाविषयी मला काय वाटते हे मला न विचारता, मला कधीही न भेटलेल्या कोणीतरी लिहून ठेवले होते, आणि तेच शब्द वर्गातल्या प्रत्येक बापाच्या तोंडी घातले होते. वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक पांढरी पट्टी चिकटवून दुसऱ्या कुठल्या तरी वर्गाचे नाव झाकलेले होते. पट्टीच्या कडेची काळी रेघ झेरॉक्समध्ये तशीच उमटली होती. म्हणजे मुलांना दुसऱ्याचे लिहिलेले आपले म्हणून द्यायला शिकवणारी ही वही मुळात दुसऱ्याचीच होती.

दर रविवारी या गोष्टींचे पाठांतर घेत. पान २३ वरची गोष्ट सर्वांत लाडकी होती. राहुल नावाचा एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुटीत गावी येतो, नदीला पूर येतो, तो मित्रांना जमवून दोर आणि ट्यूब यांच्या साहाय्याने लोकांना बाहेर काढतो, आणि शेवटी जिल्हाधिकारी त्याचा सत्कार करतात. चित्रात पाणी, झाड, माणसांचा घोळका किंवा नुसते ढग यांपैकी काहीही दिसले तरी ही गोष्ट चालते असे मुलांना सांगितले होते.

ऑगस्टमध्ये त्याला भोपाळच्या मंडळाचे बोलावणे आले. सचखंड एक्स्प्रेसने तो गेला. चाळणीच्या दिवशी बुद्धिमत्ता चाचणीनंतर एक अस्पष्ट चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहून घेतात, आणि मग मुलांचे गट पाडून प्रत्येकाला आपली गोष्ट सगळ्यांसमोर साधारण मिनिटभरात सांगायला लावतात. त्याच्या गटात पंधरा मुले अर्धवर्तुळात बसली होती आणि त्याचा क्रमांक अकरावा होता. तिसऱ्या मुलाने पुराची गोष्ट सांगितली. सहाव्याने सांगितली, त्याच्याही नायकाचे नाव राहुलच. नवव्या मुलाने नाव बदलून रोहित केले होते, पण दोर, ट्यूब आणि सत्कार तेच. हे तिघे आमच्या वर्गातले नव्हते. एक उत्तर प्रदेशातला होता, दोघे कुठले ते मुलाला माहीत नाही. वही कुठे कुठे पोचली असेल याची त्यावरून कल्पना यावी. माझ्या मुलाने कागदावर तीच गोष्ट लिहिलेली होती, आणि तोंडी वेगळी सांगावी तर लिहिलेल्याशी जुळणार नव्हती. त्याने तीच सांगितली. सांगताना समोरच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने पेन खाली ठेवले, एवढेच त्याला आठवते. दुपारी निकाल वाचून दाखवला त्यात त्याचा क्रमांक नव्हता आणि संध्याकाळी तो भोपाळच्या फलाटावर होता.

घरी आल्यावर दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आईजवळ म्हणाला, “तिघांनी माझ्या आधी माझीच गोष्ट सांगितली, आणि ती माझी नव्हतीच.”

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मंडळ नापास होण्याचे कारण सांगत नाही, आणि पहिल्या दिवशी अनेक गुणी मुले परत जातात. त्यामुळे केवळ वहीमुळे मुलगा नापास झाला असा दावा मी करीत नाही. वहीने त्याची स्वतःची गोष्ट सांगण्याची संधी मात्र घालवली, आणि त्यासाठी आम्ही पैसे मोजले होते.

सप्टेंबरमध्ये मी वर्गाच्या संचालकांना जाऊन भेटलो. त्यांनी चहा मागवला, आदराने बसवून घेतले आणि सांगितले, “सर, ही वही सगळीकडेच चालते. मुलांना नमुना लागतोच. आणि गोष्टच तर आहे, पेपर थोडाच फोडलाय?” मी शिक्षक असल्यामुळे या युक्तिवादातला खरा भाग मला कळतो. नमुना लागतो, चांगला निबंध कसा असतो हे मुलाला दाखवावेच लागते. पण नमुना वाचून मिटवायचा असतो आणि मग कोरा कागद पुढे घ्यायचा असतो. आपल्याकडे मात्र चौथीपासून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ फळ्यावर लिहून देतात, मुले उतरवून घेतात आणि परीक्षेत तोच दिवस चाळीस वह्यांत सारखा उगवतो. मीही अनेक वर्षे हेच केले आहे. म्हणूनच माझ्या मुलाला ती निळी वही हातात घेताना काही वावगे वाटले नाही. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्याने कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम राबवली आणि पुढे तिचे अनुकरण राज्यभर झाले, याचा आपल्याला मराठवाड्यात अभिमान आहे. ती मोहीम परीक्षेच्या खोलीतल्या चिठ्ठीविरुद्ध होती. खोलीबाहेर वर्षभर पाठ करून घेतलेल्या उसन्या मजकुराला आपण अजून कॉपी म्हणत नाही.

“गोष्टच तर आहे” या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आणि नंतरच्या महिन्यांत जे वाचले, विचारले, त्यातून हे वाक्य किती धोक्याचे आहे हे कळले. ज्या व्यवसायाच्या दाराशी हा वर्ग मुलांना नेऊन सोडतो, त्या व्यवसायात वाङ्मयचौर्याची शिक्षा साध्या महाविद्यालयासारखी नसते. आपल्या गावाकडच्या महाविद्यालयात प्रकल्पाची वही उतरवली तर फार तर पुन्हा लिहायला सांगतात. खडकवासल्याला, म्हणजे एनडीएत, तसे नाही. तेथे तीन वर्षांची सहा सत्रे असतात आणि शेवटी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. म्हणजे कवायत आणि नेमबाजीइतकेच निबंध, प्रयोगवह्या आणि सादरीकरणेही खऱ्या अर्थाने परीक्षेचा भाग असतात. अभ्यासात किंवा वर्तनात गंभीर दोष आढळला तर कॅडेटला एक सत्र मागे टाकतात. याला तेथे रेलिगेशन म्हणतात. सहा महिने मागे पडले की बरोबरची मुले प्रबोधिनीतून बाहेर पडताना त्याला खालच्या तुकडीत उभे राहावे लागते आणि सेवाज्येष्ठतेतला तो फरक पुढे निवृत्तीपर्यंत सोबत राहतो. त्याहून गंभीर प्रकरणात प्रबोधिनी सोडावी लागते. आणि पालकांनी हेही लक्षात ठेवावे की प्रवेशाच्या वेळी आपल्याला एका बंधपत्रावर सही करावी लागते. मुलाने स्वतःच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण मध्येच सोडले किंवा कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, नाकारले तर त्याच्यावर झालेला खर्च आपल्याकडून वसूल होऊ शकतो.

याविषयी तपशीलवार नोंदी अमेरिकेतल्या मिळतात, कारण तेथे ही प्रकरणे उघडपणे चर्चिली जातात. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची प्रतिज्ञा एका वाक्याची आहे: कॅडेट खोटे बोलणार नाही, फसवणूक करणार नाही, चोरी करणार नाही, आणि असे करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. प्रतिज्ञेचा शेवटचा तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे वर्गमित्राची उचलेगिरी झाकणे याला मैत्री म्हणतात. १९५१ मध्ये तेथून सुमारे ९० कॅडेट परीक्षेतील गैरप्रकारामुळे बाहेर पडले. १९७६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीचा घरी सोडवायला दिलेला एक पेपर अनेकांनी मिळून सोडवल्याचे उघडकीस आले आणि दीडशेहून अधिक कॅडेटांना अकादमी सोडावी लागली. चौकशी समितीच्या अहवालानंतर त्यांतील ९८ जणांना पुढच्या वर्षी परत घेतले. २०२० मध्ये करोनाच्या काळात दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या कलनशास्त्राच्या परीक्षेत ७३ कॅडेट सापडले. त्यांतील काहींना काढून टाकले आणि पन्नासहून अधिक जणांना एक वर्ष मागे टाकले. ते पकडले गेले ते कोणत्या यंत्रामुळे नव्हे; उत्तरे तपासताना त्यांतले साम्य शिक्षकांच्याच डोळ्यांत भरले. भोपाळच्या अर्धवर्तुळात तरी वेगळे काय घडले?

त्याच वर्षी कोलोरॅडोतील हवाई दल अकादमीत २४९ कॅडेटांवर संशय घेण्यात आला. त्यांत काहींनी संकेतस्थळांवरून थेट उत्तरे घेतली होती, तर काहींनी लेखनात दुसऱ्याचा मजकूर घेताना मूळ लेखकाचा उल्लेख केला नव्हता. उल्लेख न करणे ही आपल्याकडे चूकही मानली जात नाही. तेथे बहुतेकांना सहा महिने परिवीक्षेवर ठेवून सुधारणेचा कार्यक्रम पूर्ण करायला लावला. मला ही शिक्षा योग्य वाटते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एकदा चुकल्यावर कायमचे हाकलण्यापेक्षा, आपण काय केले हे त्याच्याकडून समजून घेऊन त्याला पुन्हा उभे करणे अधिक कठीण आहे आणि अधिक उपयोगी आहे. पण त्यासाठी आधी ती चूक आहे हे कोणीतरी त्याला सांगितलेले असले पाहिजे.

ज्याला कोणी वेळेवर थांबवले नाही त्याचे काय होते, याचे उदाहरण जॉन वॉल्श यांचे आहे. हे गृहस्थ इराकमध्ये बटालियनचे नेतृत्व करून आलेले, मोंटाना राज्याच्या नॅशनल गार्डचे प्रमुख झालेले आणि पुढे सिनेटर झालेले. २००७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये पदव्युत्तर पदवीसाठी चौदा पानांचा एक प्रबंध दिला होता. त्यातला बराच मजकूर इतरांच्या लेखनातून जसाच्या तसा उचललेला आहे हे २०१४ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्राने दाखवून दिले. ऑगस्टमध्ये त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि ऑक्टोबरमध्ये महाविद्यालयाने पदवी काढून घेतली. भिंतीवर पदवीधरांची नावे कोरलेल्या फलकावरून त्यांचे नाव उतरवण्यात आले. तीस वर्षांहून अधिक काळ गणवेशात काढलेल्या माणसाची ही गत चौदा पानांनी केली, तीही सात वर्षांनी.

आपल्याकडेही अधिकाऱ्याचे लिहिणे कमिशन मिळाल्यावर संपत नाही. वेलिंग्टनच्या संरक्षण सेवा स्टाफ कॉलेजात जाणाऱ्या अधिकाऱ्यांना मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळते आणि त्यासाठी प्रबंध लिहावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रबंधातला १० टक्क्यांपर्यंतचा मजकूर इतरांशी जुळला तर दंड नाही. १० ते ४० टक्के जुळला तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्षापर्यंत प्रबंध सादर करण्यास मनाई होते. आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. निळी वही पाठ करून मोठा झालेला मुलगा पंधरा वर्षांनी मेजर म्हणून त्या टेबलाशी बसेल, तेव्हा त्याचा हात कुठे वळेल याची मला काळजी वाटते.

आमच्या गावातले एक निवृत्त सुभेदार काका आहेत. मुलगा भोपाळहून परतल्यावर मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश सात-आठ पाने वाचली, वही मिटली आणि मुलाला विचारले, “यातली तुझी कोणती?” मुलगा गप्प बसला. मग काकांनी त्याला गस्तीचा अहवाल काय असतो ते सांगितले. गस्तीवरून परतलेला अधिकारी नाल्याला पाणी किती होते, पायवाट कुठे खचली होती, कोणत्या टेकडीवरून काय दिसले हे लिहितो, आणि दुसऱ्या रात्री दुसरी तुकडी त्या कागदावर विसंबून अंधारात निघते. कंटाळा आला म्हणून कोणी मागच्या आठवड्याचा अहवाल तारीख बदलून उतरवला तर कागद अगदी व्यवस्थित दिसतो. पाणी मात्र वाढलेले असते. काकांना हे सांगताना आवाज चढवावा लागला नाही. माझ्या मते लष्करी शिक्षणात उसन्या मजकुराला इतकी कडक शिक्षा का असते याचे याहून साधे उत्तर मला कोणत्याही नियमावलीत सापडले नाही.

वर्गाची ही वृत्ती वहीपुरती असती तरी मी इतके लिहिले नसते. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त वर्गात निबंध स्पर्धा होते आणि पहिला निबंध स्मरणिकेत छापतात. २०२४ चा छापलेला निबंध मी वाचला. निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा, स्वामी रामानंद तीर्थ, १९४८ मधली पोलिस कारवाई हे सगळे त्यात होते आणि भाषा इतकी सफाईदार होती की मला शंका आली. पहिल्या परिच्छेदातले एक वाक्य मोबाइलवर टाकले, तर अख्खा निबंध एका जुन्या लेखातून जसाच्या तसा उतरवलेला निघाला. ज्या मुलाच्या नावाने तो छापला त्याला मी दोष देत नाही. त्याने जे शिकवले तेच केले आणि त्याला त्याबद्दल करंडक मिळाला. पण हाच मुलगा उद्या अधिकारी झाला आणि कोणी ती स्मरणिका उघडली तर नाव त्याचे असेल, वर्गाचे नसेल. मुक्तिसंग्रामात ज्यांच्या आजोबांनी भाग घेतला अशी दोन मुले त्याच वर्गात होती. त्यांना आपापल्या घरातली आठवण लिहायला कोणी सांगितले नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस सिंदफणेला पूर आला. आमच्या शेजारच्या वस्तीवर पाणी शिरले तेव्हा मुलगा आणि त्याचे चार मित्र रात्री गुरे सोडवायला गेले. त्यात ट्यूब नव्हती, सत्कारही झाला नाही. एक म्हैस वाचवता आली नाही, आणि अंधारात दावे सोडण्याऐवजी आधीच कापले असते तर ती वाचली असती असे त्याला अजून वाटते. ऑक्टोबरमध्ये मी त्याला फुलस्केप वही आणून दिली आणि रोज एक खरा प्रसंग लिहायला सांगितले. पहिल्या दिवशी त्याने ती म्हैस लिहिली. इंग्रजी अडखळते आहे, दोन ठिकाणी काळ चुकला आहे, पण कोणी विचारले की दावे कोणत्या बाजूला बांधले होते, तर त्याला उत्तर देता येते. सप्टेंबरची लेखी परीक्षाही त्याने दिली होती आणि तीत तो पुन्हा उत्तीर्ण झाला. आता दुसऱ्या मंडळाच्या बोलावण्याची वाट पाहत आहे.

ज्यांना या वर्गात मुलाला घालायचे आहे त्यांना माझे सांगणे असे. लेखी परीक्षेसाठी आणि शरीराच्या तयारीसाठी अवश्य घाला. तेवढ्यापुरते मी पाचपैकी चार तारे देईन आणि गणितासाठी पाचही. मुलाखतीच्या तयारीचे ८,५०० रुपये मात्र भरू नका. त्या भागाला माझ्याकडून एकही तारा नाही. प्रवेशाच्या आधी साहित्य दाखवा म्हणून आग्रह धरा, आणि चाळीस गोष्टींची वही पुढे आली तर ती नाकारा. वर्गातून किती मुले निवडली गेली याचे फलक चौकाचौकांत लागतात. त्याऐवजी मुलांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आणि शिक्षकाने लाल शाईने दुरुस्त केलेल्या वह्या दाखवा असे म्हणा. दुरुस्ती दिसली तर तेथे कोणीतरी मुलाचे वाचते आहे असे समजावे.

वर्गाला मी नोव्हेंबरमध्ये दोन मागण्यांचे पत्र दिले: वही बंद करावी, आणि स्मरणिकेतील निबंधाखाली मूळ लेखकाचे नाव देऊन पुढच्या अंकात खुलासा करावा. पैसे परत मागितले नाहीत. पत्राची पोच मिळाली, उत्तर आले नाही. जानेवारीत गणिताच्या सरांना पेढे द्यायला गेलो होतो, तेव्हा कार्यालयाच्या काउंटरवर निळ्या वह्यांचा नवा गठ्ठा आलेला होता. मी वरची एक उघडून पाहिली. पानाच्या तळाशी पट्टीची काळी रेघ होती तेथेच होती.